टायरवाल्याच्या बादलीतलं शिसं: जाळ्याच्या वजनांसाठी निवड कशी करायची

धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत जळगावकडे निघा किंवा मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरच्या बाजूला जा, चाकांचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करणारी दुकानं लागतातच. मशीनच्या पायाशी रंगाचा रिकामा डबा नाहीतर फुटकी बादली असते. चाकाचा तोल साधायला रिमवर लावलेली जुनी वजनं उचकटली की त्यात पडत राहतात आणि डबा भरला की भंगारात जातात. तापी, गिरणा, वाघूरच्या पाण्यात फेकजाळं टाकणाऱ्याला घेराला लावायच्या शिशासाठी हा डबा सोयीचा पडतो. मात्र तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. युरोपीय संघाने २००५ पासून गाड्यांवर शिशाची वजनं बंद केली. तेव्हापासून कारखाने लोखंडाची आणि जस्ताची वजनं काढू लागले आणि ती आपल्याकडच्या डब्यांतही येऊन मिसळली. डबा तसाच्या तसा कढईत ओतला तर जस्त शिशात मुरतं आणि सगळा माल खराब होतो.

म्हणून खरं काम निवडीचं. वितळवणं त्यानंतर, आणि जेवढं टाळता येईल तेवढं टाळायचं. निवड नीट झाली तर निम्म्या कामाला विस्तव लागतच नाही.

डब्यात काय काय असतं

कामाचा माल दोन प्रकारचा. पहिला क्लिपवाल्या वजनांचा. रिमच्या काठावर ठोकून बसवतात ती, पाठीला पोलादी पट्टीची क्लिप असलेली. शिशाची असतील तर त्यात साधारण ३ टक्के अँटिमनी, थोडं कथील आणि नावाला आर्सेनिक असतं, बाकी शिसं. अँटिमनीमुळे ती कडक असतात. दुसरा प्रकार चिकटपट्टीच्या वजनांचा. अलॉय रिमच्या आतल्या बाजूला चिकटवतात त्या ५-५ आणि १०-१० ग्रॅमच्या तुकड्यांच्या पट्ट्या. शिशाच्या असतील तर या जवळजवळ शुद्ध, मऊ. हे दोन्ही एकत्र करू नका. एकदा मिसळले की ना धड मऊ, ना धड कडक असा माल हातात राहतो.

उरलेलं म्हणजे लोखंडी वजनं, जस्ताची वजनं आणि कचरा. कचऱ्यात रबरी व्हॉल्व्ह, पितळी व्हॉल्व्हचे तुकडे, नट, खडे, गुटख्याच्या पुड्या, विड्यांची थोटकं. यातला सगळ्यात घातक नग रबरी व्हॉल्व्ह. त्याच्या नळीत पाण्याचा थेंब अडकून बसतो. तो वितळलेल्या शिशाखाली गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि कढईतलं शिसं तोंडावर उडतं.

ट्रकची वजनं आधीच वेगळी काढा. ती मोठी असतात, मोजायला-कापायला सोपी, आणि एकेका नगात भरपूर माल निघतो. निवडायला वेळ कमी असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

निवडायला बसण्याआधी

लागतं एवढंच: पत्र्याचं मोठं ताट, एक दमदार चुंबक (जुन्या स्पीकरचा चालतो), साइड कटर, कानस, ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा आणि मापाच्या रेघा असलेलं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं भांडं. रबरी हातमोजे हवेतच. वजनांवर राखाडी भुकटी बसलेली असते, ती शिशाची असते आणि हाताला लागून पोटात जाते. शिशाची बाधा होते ती बहुतेक वेळा धुरापेक्षा या भुकटीने. निवडताना विडी, तंबाखू, चहा काहीही नको. जागा झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

शिशाच्या कामात गूळ खाल्ला की बाधा उतरते, असं सर्रास सांगितलं जातं. नाही उतरत. उतरतं ते साबणाने हात धुऊन, आणि तेही जे अजून पोटात गेलेलं नाही तेवढंच.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम अंगणात, ओट्यावर करू नका. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याला सुरक्षित अशी मात्रा नाही. रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं सापडलं तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. जे हे काम वरचेवर करतात त्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.

चुंबक, आणि त्यातली फसगत

पहिली चाळणी चुंबकाची. चिकटपट्टीच्या वजनांत लोखंड ओळखायला ती पुरेशी आहे: चिकटलं तर लोखंड, बाजूला टाका. क्लिपवाल्यांमध्ये मात्र फसगत होते. क्लिप पोलादी असते, त्यामुळे शिशाचं वजनही चुंबकाला धरतं. नवशिका इथे चांगला माल लोखंडात टाकतो. वजन डाव्या हातात क्लिपच्या बाजूने धरा आणि चुंबकाची कड क्लिपपासून सगळ्यात लांबच्या टोकाला लावा. ओढ आली तर लोखंड. टोकाला ओढ आली नाही आणि क्लिपजवळच धरलं, तर शिसं किंवा जस्त.

नजरेची एक खूणही आहे. लोखंडी वजनाला क्लिप बऱ्याचदा रिव्हेट मारून बसवलेली असते. शिशाच्या आणि जस्ताच्या वजनात ती ओततानाच आत रुतवलेली असते. रिव्हेटचं गोल डोकं दिसलं की चुंबक न लावताही बाजूला काढता येतं.

पाठीवरची अक्षरं वाचा. लोखंडावर रोमन लिपीत एफ-ई, जस्तावर झेड-एन, शिशावर पी-बी असं उठवलेलं असू शकतं. एफ-ई आणि झेड-एन दिसलं तर विषय संपला. पी-बी दिसलं तरी एकदा कापून बघा. पुष्कळ वजनांवर काहीच नसतं, नाहीतर रंगाखाली गेलेलं असतं, म्हणून नुसत्या अक्षरांवर काम भागत नाही.

जस्त पकडायचं कसं

लोखंड चुकून कढईत गेलं तरी फार बिघडत नाही, ते वर तरंगतं. खरी डोकेदुखी जस्ताची. ते चुंबकाला धरत नाही, रंग शिशासारखा, आकार तोच.

आकड्यावरून सुरुवात करा. वजनावर ग्रॅमचा आकडा असतो. शिशाची घनता ११.३४, जस्ताची ७.१४, म्हणजे तेवढ्याच ग्रॅमला जस्ताचा तुकडा जवळपास दीडपटीहून मोठा. खात्रीचं एक ३० ग्रॅमचं शिशाचं वजन ताटात नमुना म्हणून ठेवा आणि बाकीची ३० वाली त्याच्या शेजारी लावत जा. जाडीला किंवा लांबीला डोळ्यात भरण्याइतकं मोठं दिसलं की ते शिसं नाही. दहा-वीस वजनं झाली की हाताला सवय लागते.

नंतर कटर. वजनाच्या टोकाला साइड कटरने जोर द्या. शिशात पातं सहज रुततं आणि चकचकीत मऊ चीर दिसते. क्लिपवालं शिसं थोडं जास्त जोर मागतं, पण रुततंच. जस्तावर पातं घसरतं, फार तर बारीक ओरखडा उठतो. संशय आलेल्या प्रत्येक नगावर हे करा. एका नगाला दोन सेकंद लागतात, याहून भरवशाची आणि स्वस्त परीक्षा नाही.

आवाजाची परीक्षा पुष्कळ लोक सांगतात: सिमेंटच्या ओट्यावर वजन टाकलं की शिसं ‘थप्’ करून बसतं, जस्त आणि लोखंड ‘टिण्’ वाजतं. मोठ्या वजनांना चालते. ५-१० ग्रॅमच्या नगांना हिच्यावर विसंबू नका, क्लिपच वाजते.

तरीही काही नग अडतातच, विशेषतः जाड रंगाचे. त्यांना कानशीने एक कोपरा घासून धातू उघडा करा आणि त्यावर फरशी धुवायच्या ॲसिडचा एक थेंब सोडा. जस्तावर लगेच फसफसून बुडबुडे येतात, शिशावर काही होत नाही. हे मोकळ्या हवेत, चष्मा लावून करायचं. ॲसिडजवळ ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन सुटतो. परीक्षा झाली की नग पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा.

सगळी निवड झाल्यावर ढिगाची एक पडताळणी घ्या. क्लिपवाल्या ढिगातून मूठभर, बरोबर ५०० ग्रॅम वजनं घ्या. मापाच्या भांड्यात पाणी भरून रेघ टिपा, वजनं आत सोडा, बुडबुडे जाऊ द्या आणि पुन्हा रेघ बघा. पाणी ४५ ते ५० मिलीच्या दरम्यान चढलं तर ढीग शिशाचा (क्लिपांमुळे थोडं जास्तच दिसतं). नुसतं जस्त असतं तर ७० मिली आणि लोखंड असतं तर ६४ मिलीच्या आसपास चढलं असतं. ५५ च्या वर गेलं तर काहीतरी मिसळलेलं आहे, तो ढीग पुन्हा कटरखालून काढा.

एक नियम पक्का: शेवटपर्यंत उलगडा न झालेला नग टाकूनच द्यायचा. ३० ग्रॅम वाचवायला गेलेलं एक जस्ताचं वजन पाच किलोची कढई बिघडवू शकतं.

चिकटपट्टीचं शिसं: विस्तव नको

चुंबकाने लोखंड काढल्यावर उरलेली पट्टी वाकवून बघा. शुद्ध शिसं आवाज न करता, भेग न पडता दुमडतं आणि नखाने त्यावर ओरखडा उठतो. वाकवताना भेग पडली आणि आत दाणेदार दिसलं तर त्यात अँटिमनी आहे. ती पट्टी कटरने तपासूनच क्लिपवाल्या ढिगात टाका.

मऊ निघालेल्या पट्ट्या वितळवायचं काही कारण नाही. पाठीला फोमची चिकटपट्टी असते. ती जाळू नका, काळा विषारी धूर होतो. पट्ट्या रात्रभर रॉकेलमध्ये, नाहीतर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा. सकाळी लांबी (पुट्टी) भरायच्या पत्तीने खरवडली की गोंद सालीसारखा सुटतो. सँडपेपर लावायचा नाही, भुकटी उडते. मग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या करा.

आता लाकडी हातोडीने सपाट लोखंडावर ठोकून २ मिलिमीटर जाडीचा पत्रा करा. शुद्ध शिसं तांब्या-पितळेसारखं ठोकून कडक होत नाही, त्यामुळे मध्ये तापवून मऊ करण्याची भानगड नाही. घेराचा दोर ४ मिलिमीटरचा असेल तर १९ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब तुकडा कापा. २ मिलिमीटर जाडीला त्याचं वजन १५ ग्रॅम भरतं. दोराभोवती गुंडाळला की दोन्ही काठ बरोबर भेटतात. दोर ५ मिलिमीटरचा असेल तर रुंदी २२ घ्या आणि लांबी ३० करा, वजन तेवढंच राहतं. पत्रा कातरायला पत्र्याची कात्री वापरा, करवत नको. करवतीचा कीस घरभर होतो.

क्लिपवाल्या शिशाचा असा पत्रा करायला गेलात तर तो काठाला तडकतो आणि दोराभोवती वळवताना मोडतो. मोडला नाही तरी त्याची कड जाळं कापते. त्याचा उपयोग नळीसारख्या ओतीव वजनांना किंवा गवंड्याच्या ओळंब्याला.

क्लिपवालं शिसं वितळवताना

हे काम दिवाळी ते महाशिवरात्रीच्या मधल्या दिवसांत करा, सकाळी. कारण सोपं आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात असतो. त्या उन्हात कढईवर वाकलेल्या माणसाच्या कपाळावरून घामाचा थेंब पडला तर तोही शिसं उडवतो. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली वजनं आतून ओली असतात. हिवाळ्यातही कपाळाला रुमाल बांधा.

भांडं बिडाचं किंवा जाड लोखंडाचं, ५ किलो शिसं अर्ध्याच उंचीपर्यंत येईल एवढं. ॲल्युमिनिअमचं पातेलं नको, तापून मऊ पडतं आणि ओझ्याने तळ सुटू शकतो. जस्ताच्या मुलाम्याची बादली किंवा घमेलं तर अजिबात नको. एवढी निवड करून शेवटी मुलाम्यातूनच जस्त शिशात जायचं! भांडं, झारा, पळी एकदा शिशाला लावली की ती कायमची शिशाची. भाकरीच्या तव्याशेजारी त्यांना जागा नाही.

जळण गॅसचं बरं. आपल्याकडे पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) ढिगाने असतात आणि फुकट असतात, पण त्या भसकन पेटतात आणि लगेच बसतात. आच एकदा वर, एकदा खाली. भरताची वांगी भाजायला हीच आच छान, शिशाला नाही. आणि ज्या चुलीवर किंवा खड्ड्यात शिसं वितळवलं तिथल्या राखेत नंतर वांगी भाजायची नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तापमापक के-प्रकारच्या थर्मोकपलचा घ्या, तो फार महाग नसतो. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, क्लिपवालं त्याच्या थोडं आधीच पातळ होतं. जस्त वितळतं ४१९ अंशांना. या दोन आकड्यांमधली जागा हीच तुमची सुरक्षित पट्टी. कढई ३४० ते ३६० अंशांवर धरा. निवडीतून सुटलेलं जस्ताचं वजन या तापमानाला अख्खं वर तरंगतं आणि झाऱ्याने उचलता येतं. पण ते तरंगू देत गप्पा मारायच्या नाहीत. न वितळताही जस्त शिशात हळूहळू विरघळतं. दिसलं की काढा.

क्रम असा. वाऱ्याकडे बाजू करून बसा, म्हणजे धूर ना तोंडावर येईल ना पाठीमागून वळून नाकात शिरेल. साक्रीकडच्या माळावर वारा फिरतो, तिथे आडोशापेक्षा मोकळी जागाच बरी. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात बंद बूट, हातात चामड्याचे मोजे, डोळ्याला चष्मा. चप्पल घालून हे काम करू नये. नाकाला कापडी रुमाल किंवा साधा मास्क शिशाच्या वाफेला पुरत नाही, पी-१०० जातीचा फिल्टर लागतो. पण आच ३६० च्या वर जाऊ दिली नाही तर वाफ मुळातच कमी होते. ४८० च्या पुढे ती झपाट्याने वाढते.

थंड कढईत कोरडी वजनं भरा, वर जाळीचं झाकण ठेवा आणि मगच गॅस लावा. वितळलेल्या शिशात नंतर थंड वजनं टाकायची नाहीत. पहिला घाणा संपूर्ण काढून दुसरा थंड भांड्यातच भरायचा. वेळ जातो, पण डोळा जात नाही. रंग जळून थोडा धूर येईल. माल पातळ झाला की क्लिपा वर येतात. त्या भोकाच्या झाऱ्याने उचलून, कढईच्या काठावर दोनदा आपटून लोखंडी डब्यात टाका.

आता पृष्ठभागावर राखाडी साय दिसेल. ती लगेच फेकू नका, त्यात कथील आणि अँटिमनीही असतं. वखारीतून आणलेला लाकडाचा कोरडा भुसा दोन मुठी टाका. तो काळा पडू द्या, पेटला तर पेटू द्या. मग लोखंडी सळईने तळापासून ढवळा आणि कढईच्या कडा खरवडा. जळलेल्या भुशाने सायीतला धातू पुन्हा शिशात परततो आणि वर फक्त मातकट, भुरभुरीत मळी उरते. ती काढा. हेच एकदा पुन्हा. मेणबत्तीचा तुकडाही चालतो, पण मेणाचा भडका मोठा होतो. भुसा ओलसर असेल तर तडतडतो, म्हणून आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवा.

१० किलो निवडलेल्या क्लिपवाल्या वजनांतून क्लिपा, रंग आणि मळी जाऊन ८ किलोच्या आसपास स्वच्छ माल निघतो. बराच कमी निघाला तर एकतर मळीबरोबर धातू फेकला गेला, नाहीतर डब्यात लोखंड जास्त होतं.

शिशाच्या विटांसाठी लोखंडी अँगलचा साचा पुरतो. आतून ३० मिलिमीटरची भुजा, २० सेंटिमीटर लांबी, दोन्ही टोकांना पत्रा वेल्ड केलेला. काठोकाठ भरला की सुमारे १ किलोची वीट पडते. कथिलाचा मुलामा असलेला डबा साच्याला नको, शिसं त्याला डाख दिल्यासारखं चिकटतं. ओतण्याआधी साचा कढईशेजारी ठेवून तापवा. थंड लोखंडावर डोळ्याला न दिसणारं दव असतं.

बिघडलं तर काय समजायचं

वितळलेला माल वरून आरशासारखा दिसण्याऐवजी उपिटासारखा गुठळ्यांचा, पळीला चिकट लागत असेल तर जस्त शिरलं. साच्याचे कोपरे भरत नाहीत, वीट सुरकुतलेली निघते. गंधक टाकून जस्त काढता येतं असं सांगणारे आहेत. गंधकाच्या धुराने घसा जळतो आणि घरगुती कामात त्यातून फार काही हाती लागत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. तो माल वेगळा ठेवा आणि नावेच्या नांगराला किंवा जाडजूड उघड्या साच्यातल्या ठोकळ्यांना वापरा.

सुरकुत्या आहेत पण गुठळ्या नाहीत, तर साचा थंड आहे. दोन-तीन ओतींनंतर आपोआप सुधारतं. वीट बाहेरून मुंबईच्या बर्फीसारखी पांढरट, दाणेदार दिसली तर माल किंवा साचा जास्त तापला. वजनाला त्याने फरक पडत नाही, आच कमी करा. विटेत पोकळ्या आल्या तर भुसा किंवा मळी आत गेली, पुन्हा वितळवून दोनदा ढवळा.

थंड झाल्यावर प्रत्येक विटेवर छिन्नीने खूण करा: कडक मालाला ‘क’, मऊला ‘म’, जस्त शिरलेल्याला ‘ज’. सहा महिन्यांनी तिन्ही विटा दिसायला सारख्याच असतात.

भंगारात स्वस्त मिळतं म्हणून जुन्या बॅटरीच्या प्लेटा या कढईत टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. त्यात सल्फेटची पेस्ट असते, ॲसिड असतं, आणि कॅल्शिअम असलेल्या मळीला ओल लागली की आर्सिन आणि स्टिबिनसारखे प्राणघातक वायू सुटू शकतात. जुनी बॅटरी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायची असते.

मळीचं काय करायचं, हा प्रश्न गावात सगळ्यात दुर्लक्षित. ती राखेसारखी दिसते म्हणून उकिरड्यावर पडते, तिथून शेणखतात, तिथून शेतात. गुरांना शिशाची चव आवडते, ती चाटतात आणि त्यांना विषबाधा होते. आंधळ्यासारखं चालणं, दात खाणं, झटके ही त्याची लक्षणं. म्हणून वितळवायची जागा गोठा, खळं आणि चाऱ्याच्या गंजीपासून लांब ठेवा. मळी झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा, वर ‘शिसं’ लिहा आणि शिशाचा व्यवहार करणाऱ्या अधिकृत पुनर्वापरवाल्याकडेच द्या. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

जाळ्याला किती लागेल

फेकजाळ्याची त्रिज्या २.५ मीटर धरली तर घेर १५.७ मीटर होतो. मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे दर ५ सेंटिमीटरला १५ ग्रॅमचं एक वजन, असा हिशेब केला तर ३१४ वजनं आणि ४.७ किलो शिसं लागतं. प्रकाशा, सारंगखेडा बंधाऱ्यांच्या मागच्या खोल, संथ पाण्यात एवढं बरं पडतं. पाण्याला ओढ असेल तर मीटरला ४०० ग्रॅमपर्यंत चढवा, नाहीतर घेर तळाला टेकण्याआधीच मासा खालून निसटतो. त्यापुढे वाढवलं तर खांदा भरून येतो आणि जाळं गोल उघडत नाही.

ओतीव नळ्या करायच्या तर ३५ मिलिमीटर लांब, बाहेरून ८ आणि भोक ४ मिलिमीटरचं, हे माप लेथवाल्याला देऊन दोन पाळ्यांचा लोखंडी साचा करून घ्या. कडक मालात ती नळी साडेचौदा ग्रॅमच्या आसपास भरते. भोकासाठी मधे ४ मिलिमीटरची सळई, तिला मेणबत्तीच्या ज्योतीची काजळी धरलेली, म्हणजे शिसं सुटून येतं. भोकाच्या दोन्ही तोंडांना मोठ्या ड्रिलने हाताने एकेक फेरा द्या. राहिलेली धार पहिल्याच हंगामात दोर कापते.

मऊ पत्र्याची वजनं लावताना दोराला आधी ताण द्या, पत्रा गुंडाळा, पक्कडीने दाबा आणि मग लाकडी हातोडीने फिरवत हलके ठोका. दोन वजनांत १५ मिलिमीटरची फट राहते, तीतच जाळ्याचा फास येतो. पाच वजनं झाली की दोर ओढून बघा. सरकत असतील तर पत्रा जाड राहिलाय किंवा दोर बारीक आहे. सैल वजनं तशीच सोडू नका, ती पाण्यात गळून पडतात. हतनूरच्या पाणथळीत हिवाळ्यात पक्षी उतरतात. तळातले खडे टिपणारे बदकासारखे पक्षी शिशाचे बारीक तुकडेही गिळतात आणि त्याने मरतात. त्यामुळे १५ ग्रॅमपेक्षा फार लहान तुकडे घेराला लावूच नयेत. जिथे जाळं दगडात अडकून रोज तुटतं, तिथे शिसं सोडून घेराला बारीक लोखंडी साखळी शिवावी.